वही तारखेने चालते, चिठ्ठी नावाने

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावांत ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की मुकादमाची वही भरू लागते. प्रत्येक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आगाऊ उचल घेतो. आज एकाने घेतली, उद्या दुसऱ्याने, चार दिवसांनी पुन्हा पहिल्याने वाढवून घेतली. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब. तेव्हा एकाच कोयत्याच्या ओळी हुडकण्यासाठी सगळी पाने उलटावी लागतात, कारण वहीचा क्रम तारखेचा आणि प्रश्न नावाचा.

दुकानदारांनी यावर जुनाच तोडगा काढला आहे : रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचा, मग तोच खातेदाराच्या नावाखाली खतावणीत उतरवायचा. संगणकाच्या माहितीसाठ्यातही घडामोडींची नोंद वेगळी आणि शोधण्याची सूची वेगळी असते. ही दुहेरी मेहनत फुकट जात नाही. पण खतावणीही शिवलेलीच. कोणाला किती पाने सोडायची, हे आधी कसे कळणार? आणि नवे नाव दोन जुन्या नावांच्या मध्ये घुसवायचे कुठे?

शिवणच काढून टाकली तर काय होते, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिसते. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली तिथे संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द टिपले गेले. एका चिठ्ठीवर एकच शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातला ठावठिकाणा. एका श्लोकातले पाच शब्द हवे असतील तर चिठ्ठ्याही पाच. पंचवीस वर्षांत जवळपास एक कोटी चिठ्ठ्या साठल्या. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघू लागला १९७६ मध्ये, आणि पस्तिसावा खंड आला तरी शब्द ‘अ’नेच सुरू होत होते! या संथपणाला हसू नये. लावलेली चिठ्ठी सापडते लगेच, पण तिच्यावरच्या शब्दाचा अर्थ ठरवायला माणूसच लागतो.

सापडते किती लगेच? एक कोटी चिठ्ठ्या अकारविल्हे लावलेल्या असतील तर मधली उचला. हवा तो शब्द अलीकडे की पलीकडे, ते पाहा आणि उरलेला अर्धा ढीग सोडून द्या. असे निम्मे-निम्मे करत गेले की जास्तीत जास्त चोवीस चिठ्ठ्या पाहून काम होते. क्रम न लावलेल्या ढिगात मात्र कोटीच्या कोटी चाळाव्या लागू शकतात.

कोशकारांची गरज याहून अवघड असते. शब्द अकारविल्हे हवेत, आणि एका शब्दाच्या चिठ्ठ्या पुन्हा काळाच्या क्रमाने, म्हणजे अर्थ कधी कसा पालटला ते कळेल. इथे एक गंमत आहे. दुय्यम क्रम आधी लावायचा! सगळ्या चिठ्ठ्या आधी काळाने लावा, मग तो क्रम न मोडता एकेक उचलून शब्दांच्या खणांत टाका. प्रत्येक खणात काळाचा क्रम आपोआप टिकतो. पंच कार्डे लावणारी यंत्रेही आकडा शेवटच्या अंकापासूनच वेगळा करत, ती याच कारणाने. पत्ते हाती घेऊन करून पाहा : आधी किंमत, मग रंग.

चिठ्ठीचा धोकाही तिच्या सुटेपणातच आहे. चुकीच्या खणात गेलेली चिठ्ठी असून नसल्यासारखी, आणि एखादी कोणी काढून घेतली तर मागमूस राहत नाही. शिवलेल्या वहीतले पान फाडले तर निदान फाटलेली कड दिसते. म्हणूनच प्रयोगशाळेतली नोंदवही बांधीव आणि पानांवर आकडे छापलेली असते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६०च्या दशकात वनस्पतींच्या नोंदींसाठी सुट्या चिठ्ठ्या वापरल्या, पण तिथे प्रश्न वर्गवारीचा होता, पैशाचा नव्हता. उचलीच्या हिशेबात उद्या वाद होऊ शकतो. तिथे मूळ नोंद वहीतच हवी, दोन्ही बाजूंच्या सह्या-अंगठ्यांसह. कोयत्यागणिक एकेक कार्ड त्या वहीवरून करावे, आणि कार्डावर वहीचा पान क्रमांक घालायला विसरू नये.