सुया सुटल्या, विणकाम सुटू नये

थंडीची चाहूल लागली की एके काळी घरोघरी लोकरीचे गुंडे बाहेर निघत आणि दुपारच्या गप्पांबरोबर सुया चालू लागत. वय वाढते, बोटांचे सांधे आखडतात आणि दोन सुया पेलून त्यांवरचे टाके सांभाळणे अवघड होऊन बसते. पुष्कळ ज्येष्ठ भगिनी या टप्प्यावर विणकामाचा निरोप घेतात. कला हातात असते, पण हात साथ देत नाहीत. अशा हातांसाठी खुंट्यांची चौकट, म्हणजेच निटिंग लूम, हे साधन फार उपयोगी आहे.

या चौकटीची रचना साधी आहे. एका गोल कड्यावर सारख्या अंतराने खुंट्या बसवलेल्या असतात. एक खुंटी म्हणजे एक टाका. इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, त्यातही प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडा होता. चौकट मांडीवर टेकवता येते, विणलेल्या कापडाचा भार मनगटावर येत नाही आणि काम मध्येच थांबवले तरी टाके आपापल्या खुंटीवर राहतात.

पहिला टाका

आरंभ वेढ्याच्या टाक्याने करावा. धागा कड्याच्या आतून बाहेर आणून खुंटीभोवती पूर्ण वेढा द्यावा, पुन्हा आत न्यावा आणि पुढच्या खुंटीकडे वळावे. सर्व खुंट्यांवर असे दोन वेढे झाले की आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून उचलून खुंटीच्या आतल्या बाजूस सोडावा. एवढ्याने एक ओळ पुरी होते. धागा ताणू नये. वेढा घट्ट बसला तर तो उचलताना बोटांनाच त्रास होतो.

सुलट आणि उलट

वेढ्याच्या टाक्याला पीळ पडतो. सुईवरच्यासारखा सरळ सुलट टाका हवा असेल तर धागा खुंटीवरील वेढ्याच्या वर, बाहेरच्या बाजूस आडवा धरावा. आकडा वेढ्यातून खालून वर घालून धागा ओढून घ्यावा, जुना वेढा काढावा आणि नवा खुंटीवर चढवावा. उलट टाक्यासाठी धागा वेढ्याच्या खाली धरावा आणि आकडा वरून खाली घालून तो वर ओढावा. बाकी कृती तीच.

सुयांवर मुरलेल्या हातांची फसगत होते ती येथेच. सुयांवर सपाट विणताना प्रत्येक ओळीनंतर काम उलटून धरावे लागते. म्हणून गुळगुळीत वीण हवी असल्यास एक ओळ सुलट व एक उलट घालतात, तर सगळ्या ओळी सुलट घातल्यास खरबरीत पट्ट्यांची वीण मिळते. चौकटीवर काम कधीच उलटत नाही. कापडाची दर्शनी बाजू सदैव विणणाऱ्याच्या समोर असते. त्यामुळे येथे नियम नेमका फिरतो. सर्व ओळी सुलट घातल्या तर वीण गुळगुळीत, आणि एकाआड एक सुलट-उलट घातल्या तर खरबरीत. जुनी सवय मोडायला दोन दिवस लागतात. त्याने खचून जाऊ नये.

पहिली टोपी

मोठ्या माणसाच्या टोपीसाठी ३६ खुंट्यांची चौकट घ्यावी. खुंट्या विरळ असल्याने बारीक धाग्याची वीण जाळीदार होते. अशा वेळी दोन धागे एकत्र घ्यावेत. प्राणिज लोकर नको असल्यास अ‍ॅक्रिलिक चांगले. सुती धागा फारसा ताणत नाही. काठासाठी दोन सुलट, दोन उलट असा क्रम ठेवला की काठ लवचीक होतो. ३६ला चारने भाग जात असल्याने हा क्रम बरोबर जुळतो. पुढे हवी तेवढी उंची सुलट टाक्यांनी विणावी.

शेवटी लांब धागा ठेवून कापावा, बोथट सुईत ओवून प्रत्येक खुंटीवरच्या टाक्यातून काढावा आणि मगच टाके उतरवावेत. धागा हळूहळू ओढला की टोपीचा माथा मिटतो. आतून गाठ मारून तो पक्का करावा.

प्रत्येक ओळीअखेर खुंट्यांवरून एकदा नजर फिरवावी. एखादा टाका निसटला तर शिडीसारखी फट पडते. घाबरून सारे उसवू नये; क्रोशाच्या सुईने सुटलेला टाका पकडून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर यावे आणि टाका पुन्हा खुंटीवर चढवावा.

बोटे दुखू लागण्यापूर्वीच काम खाली ठेवावे. रोज चार ओळी झाल्या तरी पुरे. नातवंडाच्या डोक्यावर आजीच्या हातची टोपी थोडी उशिरा आली, तरी ऊब तीच असते.