चाळीस मायक्रॉनची शिल्लक

भोसरी एमआयडीसीत दुपारी उभ्या गाड्यांचे टप पाहत गेले, की कुठली गाडी झाडाखाली लागते आणि कुठली उन्हात, हे विचारावे लागत नाही. लाल टप आधी गुलाबी होतो, मग खडूसारखा. जुन्या पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला, तर रंगाची भुकटी तळव्याला लागते.

या पट्ट्याला गाड्या नव्या नाहीत. साठच्या दशकात टेल्को पिंपरीत आली, १९९८च्या डिसेंबरात तिची इंडिका बाजारात आली, २००९मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडतो, विजेच्या प्रवाहाने प्रायमर कानाकोपऱ्यात चिकटतो, त्यावर सरफेसर, बेस आणि शेवटी पारदर्शक क्लिअर. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यातले क्लिअरचे चाळीसच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पुढची दहा-पंधरा वर्षे ऊन झेलायचे ते या चाळीसांनी.

आणि पॉलिश म्हणजे त्यातलेच थोडे खरवडून काढणे. चमक वरून लावली जात नाही. ओरखड्यांच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट झाला, की उजेड सरळ परत येतो, एवढेच.

म्हणून चांगल्या रबिंगवाल्याची सुरुवात मशीनने होत नाही. गाडी शाम्पूने धुतली, की तो ओल्या पत्र्यावर क्ले फिरवतो. हाताला लागणारी खरखर त्या मातीसारख्या गोळ्यात उतरते. मग पत्र्याच्या कडांना मास्किंग टेप, कारण कडेला रंग पातळ असतो आणि बफ तिथेच आधी जाळतो. कंपाउंडचे चार ठिपके, लोकरीचा पॅड, मशीन हळू. एका जागी थांबायचे नाही. मधूनमधून तो पत्र्याला हात लावून ऊब पाहतो, आणि त्याहून जास्त वेळा पॅड उलटा करून बघतो. जुन्या, क्लिअर नसलेल्या रंगाच्या गाडीत पॅड लाल किंवा निळा होणारच. मेलेला थर निघतोय, त्याची ती खूण. पण क्लिअरवाल्या गाडीत पॅडला रंग दिसला, तर क्लिअर संपले. तिथून मागे फिरता येत नाही. हा पॅड उलटून पाहणारा हात आहे, म्हणून गाड्या वाचतात.

नंतर फोमचा पॅड, बारीक पॉलिश, तिरक्या ट्यूबलाइटखाली तपासणी. शेवटी वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघते. ते वितळायला ऐंशी अंशांच्या वर तापमान लागते, म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकून राहते. तरी दोन-तीन महिन्यांत ते धुऊन जाते आणि पुन्हा लावावे लागते. ‘टेफ्लॉन कोटिंग’चे बोर्ड रस्तोरस्ती दिसतात, पण टेफ्लॉन वितळायला ३२७ अंश लागतात. हाताने चोळून ते रंगावर कसे बसणार?

खरी अडचण गाडी शेडबाहेर पडल्यावर सुरू होते. ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा उडून टपावर बसतो, पावसाळ्यात तो गंजतो आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उगवतात. बोअरचे पाणी उन्हात वाळले, की क्षारांचे गोल डाग राहतात. चाकणच्या रस्त्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की प्रत्येक कण ओरखडा काढतो. सोसायटीत तर एका बादलीत, एकाच फडक्याने अख्खी रांग पुसली जाते. मग ओरखडे दिसतात म्हणून पुन्हा रबिंग. जुनी गाडी विकायच्या आधी आणखी एक. दर वेळी दोन-तीन मायक्रॉन जातात आणि नव्या मालकाला त्याचा हिशेब कोणी देत नाही.

जाडी मोजायचा मीटर मिळतो, पण साधा मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतो. त्यात क्लिअर किती, हे सांगत नाही. आणि टपावरचे क्लिअर एकदा पापुद्र्यासारखे सुटू लागले, की कुठलेही पॉलिश चालत नाही, पेंटच मारावा लागतो. मीटरवर एकूण जाडीचा आकडा ऐंशीच्या खाली दिसला, तर जाणता कारागीर मशीनची पिन काढून ठेवतो, गिऱ्हाईक कितीही म्हणो. ओरखडे तसेच ठेवून तो हाताने वॅक्स लावतो आणि गाडी सावलीत लावायला सांगतो.