सोळात एक्केचाळीस

“मावशी, सर्व्हरची मेमरी 16 जीबी आणि बेरीज येतेय 41. कसं काय, सांग बरं?” जेवताना भाची सहज बोलून गेली. मापलेलं मूळ मालापेक्षा जास्त कसं भरेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच रात्री तिच्या ड्यूटीच्या वेळी शेजारी खुर्ची टाकून बसले.

ती एका कंपनीचे लिनक्स सर्व्हर घरूनच सांभाळते. काळ्या स्क्रीनवर ‘टॉप’ हे प्रोसेसचे आकडे दाखवणारं साधन चालू होतं, दर तीन सेकंदांनी आकडे हलत होते. तिनं डेटाबेसच्या 12 प्रोसेस वेगळ्या काढल्या. प्रत्येकीपुढे साधारण 3.4 जीबी. बेरीज 41.

आदल्या आठवड्यात कुणीतरी हीच बेरीज केली, ‘मेमरी लीक’ असा शेरा मारला आणि त्यातली एक प्रोसेस ‘किल मायनस नाइन’नं मारली. डेटाबेस पोस्टग्रेसचा. त्यातली एक प्रोसेस अशी अचानक मेली, की सामाईक मेमरी बिघडली असेल या शंकेनं तो बाकीच्याही सगळ्या बंद करून नव्यानं सुरू करतो. चालू कामं सगळ्यांचीच तुटली. हे सांगताना तिचा आवाज चढला. “जिचा दोष नाही तिला मारलं गं.”

सामाईक मेमरी म्हणजे काय, हे तिनं आमच्या गावच्या विहिरीवरून सांगितलं. “आजोबांची विहीर चार भावांत होती ना? सातबाऱ्यावर प्रत्येकाचे चार आणे. प्रत्येकानं अख्खी विहीर स्वतःच्या नावावर धरली, तर शिवारात चार विहिरी दिसतील.” ‘टॉप’मधला ‘आरईएस’ हा रकाना नेमकं तेच करतो. प्रोसेस वापरत असलेलं, प्रत्यक्ष रॅममध्ये असलेलं प्रत्येक पान तो तिच्या नावावर लिहितो, मग तेच पान आणखी अकराजणी वापरत का असेनात. आकडा खोटा नसतो. बेरीज करणाऱ्यानं विहीर 12 वेळा मोजलेली असते.

आणेवारी लावणारं मापही आहे: पीएसएस. त्यासाठी ती ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत शिरली. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचं एक घर असतं. आतल्या फायलींची यादी काढली तर प्रत्येकीचा आकार 0 बाइट. मी चमकले. “डिस्कवर काहीच नाही. आपण वाचायला गेलो की कर्नल त्या क्षणी मोजून लिहून देतो.” ‘स्मॅप्स रोलअप’ नावाची फाइल तिनं उघडली. 2017 साली लिनक्स 4.14 मध्ये ती आली; त्याआधी मेमरीच्या तुकड्यातुकड्याची लांबलचक यादी वाचून बेरीज आपणच करायची. इथे हिशेब असा, की 4096 बाइटांचं एक पान 12 जणी वापरत असतील, तर प्रत्येकीच्या खात्यावर त्याचा बारावा हिस्सा.

बाराही पीएसएस तिनं कागदावर उतरवून घेतले. ओठ हलत होते, स्क्रिप्ट हाताशी असूनही. बेरीज पाच जीबीच्या आत आली. 41 वर तिनं आडवी रेघ मारली.

सीपीयूचंही असंच. ‘पीएस’ हे दुसरं साधन प्रोसेसच्या जन्मापासूनची सरासरी सांगतं, ‘टॉप’ गेल्या तीन सेकंदांची; महिनाभर शांत असलेली प्रोसेस आत्ता पेटली, तर ‘पीएस’मध्ये ती गरीबच दिसते. यावर ती फार बोलली नाही. तिचं लक्ष बारातल्या सातव्या प्रोसेसवर होतं. हिची फक्त स्वतःची, कुणाशीही वाटून न घेतलेली मेमरी तिनं दर मिनिटाला टिपायला घेतली. 212 एमबी. 214. 219. रात्री दीडला 260.

“ही मात्र खरंच वाढतेय,” ती म्हणाली. मी विचारलं, मग मारणार का? कीबोर्डवरचा हात तिनं मांडीवर घेतला. “कुणाचा तरी मोठा रिपोर्ट निघतोय तिच्यातून. संपल्यावर उतरते का बघू दे आधी.”

एसीच्या घरघरीत आम्ही दोघी त्या एका ओळीकडे बघत बसलो. 263.