गर्दीच्या वाट्याचं गाणं

क्वीन या बँडच्या ‘रेडिओ गा गा’ गाण्यात ध्रुवपद आलं की शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाळ्या पडतात. हात डोक्याच्या वर नेऊन, लागोपाठ दोन. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर या दोन टाळ्या 72 हजार माणसांनी वाजवल्या. त्याचं चित्रण आज कुणालाही पाहता येतं. कॅमेरा मंचावरून गर्दीकडे वळतो आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात वर जातात, जुळतात, सुटतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि अजूनही दर वेळी अंगावर काटा येतो.

रॉकच्या गाजलेल्या मैफलींची चर्चा निघाली की वेम्ब्लीवरच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमातल्या क्वीनच्या त्या वीस-एकवीस मिनिटांचं नाव हटकून निघतं. श्रेय गायक फ्रेडी मर्क्युरीच्या गळ्याला दिलं जातं आणि ते त्याचंच आहे. पण ती मैफल इतकी लक्षात राहिली, याचं दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. त्या दिवशी गर्दीला काम मिळालं होतं. नुसतं ऐकलेलं काही दिवसांनी पुसट होतं. जे आपण हातांनी केलं, गळ्याने गायलं, ते अंगात मुरतं. क्वीनला हे 8 वर्षं आधीच उमगलं होतं.

मे 1977. स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम संपला, तरी लोक जाईनात. उलट त्यांनीच गायला सुरुवात केली. लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर घुमणारं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ सगळा हॉल गाऊ लागला आणि बँडवर ऐकायची पाळी आली. गिटारवादक ब्रायन मेच्या डोक्यातून ते जाईना. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. यातून ‘वी विल रॉक यू’ जन्मलं. दोनदा पाय, एकदा टाळी. ड्रम नाहीत आणि गिटार थेट शेवटी. मधलं सगळं गाणं पायांवर, टाळ्यांवर आणि गळ्यावर उभं.

ते ध्वनिमुद्रित कसं झालं, हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं एक चर्च. तिथे सापडलेल्या लाकडी फळ्यांवर मोजक्याच माणसांनी पुन्हा पुन्हा पाय आपटले. पण मेला हवी होती हजारोंची गर्दी. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी; बँडसाठी अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीतली पीएच.डी. त्याने पुढे 2007 मध्ये पूर्ण केली. मोठ्या जमावाची टाळी कधीच एका क्षणी ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्यामुळे 10 मीटरवरच्या माणसाची टाळी आधी पोचते, 50 मीटरवरच्याची मागून येते. मेने प्रत्येक ठोक्याला थोड्या थोड्या उशिराच्या प्रती जोडल्या आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. त्यामुळे कुठलाही प्रतिध्वनी दुसऱ्याच्या पटीत येऊन वेगळा उठून दिसत नाही. सगळे मिळून एक जमाव ऐकू येतो, आणि ऐकणारा त्या जमावाच्या मधोमध उभा असतो.

वेम्ब्लीवर हाच हिशेब उलट बाजूने दिसला. मंचापासून 100 मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ठोका पोचायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. ‘रेडिओ गा गा’च्या लयीत हा उशीर साधारण अर्ध्या मात्रेचा. पुढच्यांचे हात जुळतात तेव्हा मागच्यांपर्यंत ठोका पोचलेलाही नसतो. म्हणून ती टाळी मैदानभर मागे मागे सरकत जाताना दिसते. तरीही गाणं कुठे मोडत नाही.

या टाळ्या लोकांना कुणी शिकवल्या? गाण्याच्या व्हिडिओने. ड्रमर रॉजर टेलरच्या या गाण्याचं चित्रीकरण करताना बँडच्या फॅन क्लबचे सभासद गर्दी म्हणून उभे केले होते आणि त्यांनी अशाच टाळ्या वाजवल्या होत्या. 1984 मध्ये तो व्हिडिओ घरोघर टीव्हीवर दिसला. वेम्ब्लीवरची गर्दी काही खास क्वीनची नव्हती. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी उभ्या केलेल्या त्या कार्यक्रमात दुपारी बारापासून एकामागून एक बँड वाजवत होते. पण आपल्या वाट्याचं काय आहे, ते प्रत्येकाला आधीच पाठ होतं.

क्वीन मंचावर आले तेव्हा पावणेसात वाजत होते. जुलैतल्या लंडनमध्ये त्या वेळी लख्ख उजेड असतो, त्यामुळे ज्या झगमगत्या दिव्यांसाठी हा बँड प्रसिद्ध होता, त्यांचा काही उपयोग नव्हता. वेळेची खूण करायला मंचावर रहदारीच्या सिग्नलसारखे दिवे होते. क्वीनने त्याआधी शॉ थिएटरमध्ये तालीम करून आपली गाणी कापूनछाटून मिनिटांत बसवली होती. फ्रेडीच्या अंगात पांढरी बनियन, फिकट जीन्स, दंडावर पट्टा. पियानोवर शीतपेयाचे कागदी पेले तसेच पडलेले. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा सुरुवातीचा भाग, आणि लगेच ‘रेडिओ गा गा’. मग फ्रेडीने वाद्यं थांबवली. तो एक तान घेई, थांबे. मैदान ती परत करी. पुढची तान जरा अवघड, त्यापुढची आणखी. वारीत विणेकऱ्याने चाल धरावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तशी ती गर्दी त्याच्यामागे गेली.

त्याच दिवशी यू-टू या बँडचा गायक बोनो मंचावरून खाली उतरला आणि गर्दीतल्या एका मुलीबरोबर नाचला. त्यात इतका वेळ गेला की ठरलेलं शेवटचं गाणं राहून गेलं आणि बाकीचे वादक वैतागले. लोकांच्या लक्षात मात्र तो नाचच राहिला.

आठवण एक गोष्ट सोयीने झाकते, ती सांगायला हवी. ऑक्टोबर 1984 मध्ये क्वीनने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले होते. त्या देशावरचा सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल ब्रिटनच्या संगीतकारांच्या संघटनेने त्यांना दंड केला. वेम्ब्लीनंतर हे फारसं कुणी काढत नाही. मला ती मैफल प्रिय आहे, पण त्या वीस मिनिटांनी हा हिशेब चुकता झाला असं मी मानत नाही.

फ्रेडी मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी. आठव्या वर्षाच्या सुमारास तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फारुख पियानो वाजवायचा. पुढे उभं राहून गाणारा मुलगा दुसराच होता. वेम्ब्लीचं मैदान एका हाताने हलवणाऱ्या माणसाची सुरुवात अशी एका कडेला बसून झाली, हे मला फार आवडतं. श्रोते म्हणजे वसतिगृहातली पोरं, आणि साथ द्यायला तीच.

24 नोव्हेंबर 1991 रोजी फ्रेडी गेला. 20 एप्रिल 1992 रोजी वेम्ब्लीवरच त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. ‘रेडिओ गा गा’ त्या दिवशी पॉल यंग गायला. ध्रुवपद आलं आणि दोन टाळ्या जागच्या जागी पडल्या.

1 जुलै 2017 रोजी लंडनच्या हाइड पार्कात ग्रीन डे या अमेरिकन बँडचा कार्यक्रम होता. तो सुरू होण्याआधी लाउडस्पीकरवर ‘बोहेमियन रॅप्सडी’ची ध्वनिमुद्रिका लावली. मंचावर कुणीच नव्हतं. जमलेल्या 65 हजार लोकांनी जवळपास सहा मिनिटांचं ते गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं, गिटारचा तुकडासुद्धा तोंडाने. त्यातला मधला ऑपेराचा भाग क्वीन मंचावर गात नसत. स्टुडिओत एकावर एक चढवलेले ते आवाज चौघांच्या गळ्यांना पेलणारे नव्हते. म्हणून टेप लावून ते आत निघून जात. हाइड पार्कातल्या लोकांनी तोही गायला.