सायकल चालवा, पण हायवे सोडून

साखर-बीपीच्या गोळ्यांसोबत आम्ही व्यायामही सांगतो. वस्तीतल्या बाया विचारतात, "ताई, करायचा कुठं?" सोलापूर आणि नगर हायवेवर ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. आमचं उत्तर: सायकल काढा आणि दौंड-शिरूरच्या शिवारातला, कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता धरा.

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास पुरे. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकाच वेग ठेवा. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. साखरेची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, खिशात गूळ ठेवावा. थरथर सुटली की थांबून खावा. छातीत दुखलं तर लगेच दवाखाना. उसात बिबट्या असतो. उजाडल्यावर दोघी-तिघींनी मिळून जावं.

घरातली सायकल एकट्या पोराची नाही. तिच्यावर आईचाही हक्क आहे.

जय भीम!