क्रियापदाचा ठेका: रामजोशींपासून शुद्धलेखनापर्यंत

इटालियनमध्ये 'कापितो'चा आघात 'का'वर पडला तर वर्तमानकाळ, 'तो'वर पडला तर भूतकाळ. मराठीत आघाताने काळ बदलत नाही, म्हणून आपल्या क्रियापदांना ठेकाच नाही असे मानले जाते. गेल्या दोनशे वर्षांचा मागोवा घेतला, तर हा ठेका आपल्या कवींनी जपला आणि लेखनाने झाकला, असे दिसते. 'पकडतो' आपण प-कड्-तो असा म्हणतो, 'पकडा' मात्र पक्-डा. धातू तोच, पण प्रत्यय बदलताच गळणाऱ्या 'अ'ची जागा बदलते आणि अक्षरांची फोड सरकते.

सोलापूरचे शाहीर रामजोशी संस्कृतात पारंगत होते; लावण्या रचत आणि कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गात. लावणी काय, आर्या काय, हिशेब मात्रांचा. 'करतो' लिहिल्याप्रमाणे मोजला तर एक, एक, दोन अशा चार मात्रा. बोलण्यातला कर्-तो दोन गुरूंचा, म्हणजे पुन्हा चारच. 'समजतो' दोन्ही रीतींनी पाचच भरतो. अक्षरगणवृत्तात हीच मोकळीक नाही, कारण तिथे लघु-गुरूंचा क्रमच ठरलेला. माधवराव पटवर्धनांनी 1927च्या 'छंदोरचने'त छंद, जाती आणि वृत्त वेगळे केले. त्यातल्या मात्रांवर चालणाऱ्या जातिरचनेत मराठी क्रियापद सहज का बसते, याचे एक कारण या हिशेबात सापडते.

यावर कोणी म्हणेल, 'बोलतो' लिहिताना पाच मात्रांचा, पण बोल्-तो चारच मात्रांचा. मग हिशेब जुळला कुठे? आक्षेप रास्त आहे. पण गाताना 'बोल्' लांबवून गायक उरलेली मात्रा भरून काढतो. दुसरा आक्षेप वामन पंडितांच्या श्लोकांचा: मराठी क्रियापदे वृत्तांतही उत्तम नांदली. नांदली, पण श्लोक म्हणताना आपण गळालेला 'अ' पुन्हा उच्चारतो. म्हणजे बोलीचा ठेका बाजूला ठेवून लेखी ठेका धरतो.

1962च्या लेखननियमांनी 'केलें', 'करूं' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढले. अनुच्चारित 'अ' मात्र राहिला. ही विसंगती वाटेल, पण निर्णय योग्यच होता. 'पकड्तो' आणि 'पक्डा' असे लिहिले असते, तर एकाच धातूची दोन रूपे डोळ्यांना परकी झाली असती. सोलापुरी 'करायलाय' (करतो आहे) लिहिताना पाच अक्षरांचा, बोलताना क-राय्-लाय् असा तिनाचा. तरी वाचणारा अडखळत नाही, कारण ही फोड त्याच्या कानात बसलेली असते. मात्र मराठी नव्याने शिकणाऱ्याला हा कान नसतो. त्यामुळे लेखन आहे तसेच ठेवून शब्दकोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी क्रियापदांची उच्चारफोड शेजारी छापायला हवी.