शिवणयंत्राचा भाव नेमका किती?

अमेरिकेत शिवणकामाची आणि भरतकामाची भारी यंत्रे विकणाऱ्या अधिकृत दुकानांच्या जाहिरातींत टाक्यांचे प्रकार, भरतकामाच्या चौकटीचे माप, पडद्याची रुंदी असे सारे तपशील दिलेले असतात. अनेकदा नसते ती फक्त किंमत, आणि तिच्या जागी ‘दुकानात या’ किंवा ‘फोन करा’ एवढीच सूचना छापलेली असते. फोन केला तरी आकडा मिळेलच असे नाही. संगणकीय भरतयंत्रांची किंमत हजारो डॉलरांत जाते, म्हणजे अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मोटारीखालोखाल ही मोठी खरेदी असते. तरीही दोन दुकानांच्या भावांची तुलना करायची झाल्यास ग्राहकाला दोन्ही दुकाने प्रत्यक्ष गाठावी लागतात, आणि निर्माते विक्रेत्यांना बहुधा आपापला प्रदेश नेमून देत असल्यामुळे त्याच छापाचे दुसरे दुकान पुष्कळदा दुसऱ्या शहरात असते.

या व्यवहारात एकाच यंत्राला तीन वेगवेगळ्या किमती असतात. निर्मात्याने सुचवलेली किरकोळ किंमत ही पहिली, आणि ती मुख्यतः सूट किती मोठी आहे हे दाखवण्यापुरती उपयोगी पडते. दुसरी किमान जाहिरात किंमत, म्हणजे विक्रेत्याने जाहीरपणे जिच्याखाली आकडा लिहू नये अशी निर्मात्याने घातलेली मर्यादा. दुकानाच्या आत विक्रेता याहून कमी भाव सांगू शकतो, मात्र तो बाहेर लिहू शकत नाही, आणि ‘फोन करा’ या सूचनेचा उगम बहुधा इथेच असतो. तिसरी किंमत प्रत्यक्ष ग्राहकाकडून घेतली जाते, आणि ती त्याच्या तयारीवर, घाईवर व दुकानदाराच्या त्या महिन्याच्या विक्रीवर अवलंबून राहते.

त्यात जुन्या यंत्राच्या बदल्यात नवे घेण्याची पद्धत आली की हिशेब आणखी धूसर होतो. नव्या यंत्राची किंमत ताणून धरायची आणि जुन्याला उदार भाव द्यायचा, किंवा नव्यावर सूट द्यायची आणि जुने कवडीमोलाने घ्यायचे, हे दोन्ही मार्ग विक्रेत्याला मोकळे असतात. खरा आकडा तो फक्त वरून मोजायच्या रकमेचा, आणि तो ठरेपर्यंत ग्राहक बहुधा जुन्याला मिळालेल्या भावावरच खूश झालेला असतो. शिवाय मोफत शिकवणी, जादा दाबपट्ट्या, वर्षभरात वरचे मॉडेल घेतल्यास मूळ रक्कम वळती करण्याचे आश्वासन अशा गोष्टी त्याच व्यवहारात बांधल्या जातात, आणि मग यंत्राचे किती व बाकीचे किती हे वेगळे काढणे जवळपास अशक्य होते.

ही पद्धत नवी नाही. शिवणयंत्राच्या धंद्याच्या जन्मापासूनच तिची मुळे सापडतात. इलायस हाऊ याला 1846 मध्ये आणि आयझॅक मेरिट सिंगर याला 1851 मध्ये पेटंट मिळाले, आणि त्यानंतरची काही वर्षे कारखानदारांनी एकमेकांवर खटले भरण्यात घालवली. चालू शकेल असे यंत्र बनवायला लागणारी पेटंटे निरनिराळ्या लोकांच्या हाती विखुरलेली असल्याने कोणालाच कायदेशीर अडथळ्याविना उत्पादन करता येईना. अखेर 1856 मध्ये हाऊ आणि सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर या कंपन्या यांनी आपली पेटंटे एकत्र ठेवून संघ स्थापन केला. एकमेकांची पेटंटे वापरण्याची मुभा आणि बाहेरच्या कारखानदारांकडून प्रत्येक यंत्रामागे परवाना शुल्क, अशी ही व्यवस्था होती. तंत्रज्ञानाच्या इतिहासातील पहिल्या मोठ्या पेटंट-संघांपैकी एक म्हणून तिचा उल्लेख होतो. ग्राहकाने मोजलेल्या रकमेतला काही भाग लोखंडाचा वा मजुरीचा नसून पेटंटाचा होता, ही गोष्ट दुकानात उभ्या असलेल्या स्त्रीला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

त्याच वर्षी सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांवर यंत्र देण्याची पद्धत सुरू केली. सुरुवातीच्या यंत्रांची किंमत शंभर डॉलरांच्या घरात किंवा त्याहून वर असताना सामान्य कुटुंबाला ती एकरकमी परवडणारी नव्हती, त्यामुळे हप्त्यांनी हे यंत्र घरोघरी पोहोचवले, हे मान्य करावेच लागते. मात्र हप्त्यांच्या बोलण्यात एकूण किंमत मागे पडते आणि दरमहा किती, एवढाच प्रश्न उरतो. घरोघर फिरणारा एजंट कमिशनवर जगत असे. किमतीतला मोठा वाटा उत्पादनाचा नसून विक्रीचा आहे, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती, आणि 1867 मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रेंज’ या त्यांच्या संघटनेने शिवणयंत्राच्या किमतीचा मुद्दा लावून धरला. शिकागोत 1872 मध्ये सुरू झालेल्या माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीने ग्रेंजच्या सभासदांनाच आपले ग्राहक मानले, आणि तिच्या मालयादीत प्रत्येक वस्तूपुढे भाव छापलेला असे. पुढे 1877 मध्ये संघाची उरलेली महत्त्वाची पेटंटे संपली आणि यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरून अनेक ठिकाणी जवळपास निम्म्यावर आल्या. आधीच्या भावात मालाखेरीज काय काय दडलेले होते, ते या घसरणीने उघड झाले.

भाव झाकण्याला कायद्याचा आधार किती, हा पुढचा प्रश्न. निर्मात्याने विक्रेत्याला ठरावीक किमतीखाली विकू न देणे, म्हणजे पुनर्विक्रीच्या किमतीवर बंधन घालणे, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये डॉक्टर माइल्स कंपनीच्या खटल्यात सरसकट बेकायदा ठरवले होते. चामडी वस्तू बनवणाऱ्या लीजिन कंपनीच्या खटल्यात 2007 मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो नियम मोडीत काढला, आणि अशा बंधनाचा स्पर्धेवर प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे प्रत्येक प्रकरणात तपासावे, असे ठरवले. बहुमताचा युक्तिवाद शिवणयंत्रांना चपखल लागू पडतो: एका दुकानदाराने जागा घ्यायची, जाणकार माणूस ठेवायचा, ग्राहकाला तासभर यंत्र चालवून दाखवायचे, आणि ग्राहकाने सारे समजून घेऊन दुसरीकडे स्वस्तात खरेदी करायची, असे होत राहिले तर दाखवणारे दुकान टिकणार नाही. यात तथ्य आहे, कारण दोऱ्याचा ताण बिघडला, बॉबिनखाली धाग्याचे जाळे होऊ लागले, की घरबसल्या स्वस्तात मागवलेल्या यंत्राचा मालकही याच दुकानाच्या पायऱ्या चढतो. तथापि सेवेसाठी किंमत जास्त असणे ही एक गोष्ट आणि ती किंमत न सांगणे ही दुसरी. पहिलीचे समर्थन दुसरीला लागू होत नाही. अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर सुचवलेल्या किमतीची चिठ्ठी लावणे 1958 च्या कायद्याने सक्तीचे आहे, आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थांना तर 1984 पासून फोनवर विचारणाऱ्यालाही दर सांगावे लागतात. शवपेटीचा भाव तिथे हक्काने विचारता येतो, भरतयंत्राचा येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर याने 1961 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. भाव शोधण्यालाही वेळ, प्रवास आणि श्रम यांच्या रूपाने खर्च येतो, आणि हा शोधखर्च जितका जास्त तितका एकाच वस्तूच्या भावांमधला फरक टिकून राहतो, असे त्याने दाखवले. भाव झाकणारा विक्रेता प्रत्यक्षात हा खर्च वाढवत असतो, आणि तो सर्वांना सारखा पडत नाही: दुकाने पालथी घालण्याइतका वेळ असलेला किंवा घासाघीस जमणारा ग्राहक कमी मोजतो, नवशिका जास्त.

भारतात परिस्थिती वरकरणी उलटी आहे. वैधमापनशास्त्र नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि तिच्यापेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. त्यामुळे घरगुती झिगझॅग यंत्राच्या खोक्यावर आकडा ठळकपणे दिसतो. फक्त त्या आकड्याला ते यंत्र क्वचितच कोणी विकत घेते. कायदा वरची मर्यादा घालतो, खालची नाही, आणि ही मर्यादा ठरवतो तो निर्माताच. तेव्हा आकडा भरपूर उंच छापून त्यावर भरघोस सूट दाखवणे ही सर्वांत सोपी वाट ठरते.

काळ्या लोखंडी यंत्रांच्या बाजारात तर तोही आधार पातळ होतो. या यंत्रांचे देशातील मोठे उत्पादनकेंद्र लुधियाना आहे, आणि दुकानात ती पुष्कळदा सुटी येतात: हेड वेगळे, पायट्याचे स्टँड वेगळे, वरचा फळा वेगळा, पट्टा, मोटर आणि दिवा आणखी वेगळे. साधे टेलर मॉडेल आणि जाड कापडासाठी घेतले जाणारे अंब्रेला मॉडेल यांच्या हेडच्या किमतीत फरक असतो, तसाच तो ओतीव लोखंडाच्या आणि पत्र्याच्या स्टँडमध्येही असतो. एका दुकानदाराने सांगितलेला भाव नुसत्या हेडचा असतो, दुसऱ्याचा ‘फिटिंगसह’, तिसऱ्याचा मोटरविना. हे सुटे भाग ओळखता येणारा मुरलेला शिंपी प्रत्येकाचा भाव निराळा लिहून घेतो. बचत गटाच्या कर्जावर पहिले यंत्र घेणाऱ्या बाईला ते कोणी सांगितलेले नसते. पक्के बिल मागितल्यावर भाव वाढतो, हा अनुभवही या बाजारात नवा नाही.

सरकारी मदतीतही हाच गुंता आहे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपी येतात आणि त्यांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. रकमेचा आकडा सर्वांना माहीत आणि यंत्राचा भाव कोणालाच पक्का माहीत नाही, अशा व्यवहारात भाव त्या आकड्याकडे सरकण्याचा धोका उघड आहे. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून शिवणयंत्रांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि खोक्यांवरच्या छापील किमतीही त्यानुसार उतरणे अपेक्षित झाले. ज्याने आदल्या महिन्यात छापील किमतीवर यंत्र घेतले असते त्याला हा फरक मोजता आला असता. पण तसे घेणारे फारसे कोणी नसल्याने सूट थोडी आखडती घेऊन जुनाच भाव कायम ठेवला गेला, तर ते दुकानदाराखेरीज कोणाच्या लक्षात येणार, हे सांगणे कठीण आहे.